गिरणीच्या पिठाचा हलका ब्रेड

रानातून येऊन हातपाय धुऊन बसलेल्या, चुलीपुढं भाकरी थापत ऐकणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून बसलेल्या सगळ्याजणींना आमच्या गटाचा रामराम.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. हल्ली पुण्या-मुंबईला असलेली लेक किंवा सून गावाकडं ब्रेडचं मशीन पाठवते. कुणाला ते लग्नाच्या आहेरात मिळतं. मग प्रश्न येतो, "मैद्याचा ब्रेड छान फुगतो हो. पण घरच्या गव्हाचं पीठ घातलं की वीट होते. काय करावं?" काहीजणींनी त्यावर उपायही शोधला आहे. अर्धा मैदा घालतात. काहींनी तर मशीन माळ्यावर टाकलंय.

आमचं म्हणणं असं, की मैदा घालायची गरज नाही. घरच्या गव्हाचा ब्रेड हलका होतो. आम्ही आमच्या गटात तो करतो, आणि दात नसलेली म्हातारी माणसंही तो चहात न बुडवता खातात. त्यासाठी लागणारी विद्या आपल्या हातात आधीपासूनच आहे. फक्त ती मशीनला सांगायची राहिली आहे.

ब्रेड हलका झालाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? सकाळी गावात पावाची गाडी येते. आपण गहू विकतो आणि मैद्याचा पाव विकत घेतो. घरचा ब्रेड जड झाला की पोरं तो डब्यात तसाच परत आणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवरचा पाव. म्हणजे ब्रेड हलका होतो की जड, यावर घरातला गहू घरात खाल्ला जाणार की नाही ते ठरतं.

दुकानातल्या ब्राऊन ब्रेडबद्दलही एक सांगून ठेवतो. नुसता रंग पाहून घेऊ नका. पाकिटामागं काय काय घातलंय त्याची यादी असते. जे वजनानं जास्त, ते यादीत आधी लिहायचं असा नियम आहे. यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल, तर तो मुख्यतः मैद्याचाच ब्रेड. तपकिरी रंग जळक्या साखरेचाही असू शकतो.

आता वीट का होते ते बघू. कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो.

घरी एक छोटा प्रयोग करा. लिंबाएवढा कणकेचा गोळा घ्या, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग वाटीभर पाण्यात हळूहळू चोळून धुवा. पाणी पांढरं होईल. तो चीक, आपण कुरडयांसाठी काढतो तोच. पाणी बदलत धूत राहा. शेवटी हातात एक चिवट, रबरासारखा, ताणला की लांबणारा गोळा उरेल. त्याला ग्लुटेन म्हणतात. ब्रेड फुगतो तो याच्या जोरावर. यीस्ट गोडावर जगतं आणि वायू सोडतं. ग्लुटेनची जाळी तो वायू फुग्यासारखा धरून ठेवते.

मैद्यात कोंडा नसतो, त्यामुळं जाळी अखंड राहते. आपल्या पिठात कोंडा असतो. कोरड्या कोंड्याच्या कडा धारदार असतात, त्या जाळीला भोकं पाडतात. शिवाय कोंडा पाणी ओढून घेतो आणि कणीक घट्ट पडते. घट्ट कणीक फुगणार कशी? तिसरी गोष्ट गिरणीची. दगडी जात्याच्या गिरणीत पिठाचे कण जास्त चिरडले जातात, आणि चिरडलेले कण पाणी जास्त पितात. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत पाण्याचं जे माप असतं ते बहुतेक वेळा मैद्यासारख्या पिठाचं किंवा परदेशातल्या पिठाचं असतं. ते आपल्या पिठाला कमीच पडतं.

म्हणजे दोष गव्हाचा नाही. पाणी कमी पडतं आणि वेळ कमी पडतो, इतकंच.

आता आपल्या बोलण्याकडं बघा. आपण "कणीक भिजवली" म्हणतो. भिजवून लगेच पोळ्या लाटत नाही, अर्धा तास झाकून ठेवतो. पुरणपोळीला तर कणीक सैल भिजवतो, तेल लावून तिंबतो, तासभर मुरू देतो. का? पोळी लाटताना फाटू नये म्हणून. त्या वेळात कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि ग्लुटेन आपलं आपण जुळतं. हलक्या ब्रेडचं मर्म हेच आहे. पुरणपोळीची कणीक डोळ्यापुढं ठेवा, म्हणजे अर्धं काम झालं.

या मशीनचीही एक गोष्ट आहे. जपानमधल्या मात्सुशिता कंपनीनं घरगुती ब्रेड मशीन करायला घेतलं, तेव्हा आधी ब्रेड नीट होत नव्हता. वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. मग त्या कंपनीत काम करणाऱ्या तनाका इकुको नावाच्या बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलात गेल्या आणि तिथल्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली कणीक मळायला शिकल्या. त्यांच्या ध्यानात आलं, की तो कणीक नुसती दाबत नाही, ओढताना तिला पीळही देतो. तो पीळ मशीनला यावा म्हणून भांड्याच्या आतल्या बाजूला उभे कंगोरे केले. १९८७ साली ते मशीन बाजारात आलं. म्हणजे मशीनसुद्धा माणसाच्या हाताकडूनच शिकलं आहे. आपल्या गिरणीच्या पिठाची गोष्ट त्याला ठाऊक नाही, ती आपण सांगायची.

आता प्रत्यक्ष कृती. जिला लिहून घ्यायचं आहे तिनं वही घ्या.

आधी गहू. लोकवन चालतो. हे नाव गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेल्या लोक-१ या वाणावरून पडलं. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन हे सरबती वाणही चालतात. बन्सी गहू आणि खपली गहू चवीला उत्तम, पण त्यांचं ग्लुटेन ब्रेडला पुरेसं ताणत नाही. खपली घालायचा असेल तर चौथा हिस्सा घाला, बाकी लोकवन. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन मुळीच नाही. चवीपुरती नाचणी दोन-तीन चमचे घाला, जास्त नको.

गिरणीवाल्याला पीठ बारीक दळायला सांगा. कोंडा जितका जाडा, तितकी जाळी जास्त फाटते. दळून आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात कोंबू नका. परातीत पसरून गार होऊ द्या. पीठ चाळून कोंडा टाकू नका. कोंडा टाकायचा असेल तर मैद्याशी भांडण तरी कशाला?

मापं अशी. ४०० ग्रॅम गव्हाचं पीठ. पाणी एकूण ३०० मिलिलिटर, आणि हाताशी वेगळं ४० मिलिलिटर. दही पोह्याचे दोन चमचे. तेल पोह्याचे दोन चमचे. साखर किंवा किसलेला गूळ पोह्याचा एक चमचा. मीठ चहाचा सव्वा चमचा. कोरडं इन्स्टंट यीस्ट चहाचा एक सपाट चमचा. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, म्हणून पीठ वजन करूनच घ्या. छोटा काटा नसेल तर किराणा दुकानात एकदा ४०० ग्रॅम मोजून घ्या आणि डब्याला आतून खूण करून ठेवा. तुमचं मशीन लहान असेल तर सगळंच त्या हिशेबानं कमी करा.

पहिली पायरी उकड. मोदकाला काढतो तशी, पण पातळ. त्या ४०० ग्रॅम पिठातलंच ३० ग्रॅम पीठ, म्हणजे पोह्याचे सपाट चार चमचे, आणि ३०० तलं १५० मिलिलिटर पाणी गुठळी न होता कालवा. मंद आचेवर ढवळत राहा. चमचा फिरवल्यावर भांड्याच्या बुडाशी रेघ दिसू लागली की उतरवा. घट्टसर खळ होईल. ती कोमट होऊ द्या. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळं कणीक चिकट न होता तिच्यात जास्त पाणी मावतं. ब्रेड मऊ होतो आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपान-चीनकडं ब्रेडसाठी ही रीत चांगलीच रुळलेली आहे. आपल्याला तर उकड नवी नाहीच.

दुसरी पायरी भिजवण. मशीनच्या भांड्यात पातं बसवा. उरलेलं १५० मिलिलिटर पाणी, दही, उकड आणि सगळं पीठ घाला. मशीन चार मिनिटं फिरवा, मग बंद करा. झाकण लावून ४० मिनिटं तसंच राहू द्या. मीठ, यीस्ट, तेल अजून घालायचं नाही. ही ४० मिनिटं चुकवू नका. ब्रेड हलका करणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिला पैसाही लागत नाही.

तिसरी पायरी मळण. आता यीस्ट दोन चमचे पाण्यात कालवून घाला. साखर, मीठ, तेल घाला. मशीनवर गव्हाच्या ब्रेडचा कार्यक्रम लावा. दहा मिनिटांनी झाकण उघडून बघा. या वेळी उघडलं तर काही बिघडत नाही. कणीक भांड्याच्या कडा सोडत असेल आणि बुडाशी जराशी चिकटत असेल, तर बरोबर. बोटानं दाबा. पुरणपोळीच्या कणकेइतकी सैल हवी. पोळीच्या कणकेसारखी घट्ट वाटली तर बाजूला ठेवलेलं पाणी चमच्या-चमच्यानं घाला. भज्याच्या पिठासारखी पसरत असेल तर एक-दोन चमचे पीठ. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं पाणी थोडं कमी लागतं, उन्हाळ्यात जास्त. म्हणून मापापेक्षा बोटावर भरवसा ठेवा.

चौथी गोष्ट फुगणं. मशीन घड्याळ बघतं, कणीक बघत नाही. मे महिन्यात आपल्याकडची कणीक लवकर फुगते. मशीनची वेळ संपेपर्यंत ती जास्त फुगते आणि भाजायच्या आधीच खाली बसते. म्हणून उन्हाळ्यात माठातलं गार पाणी वापरा आणि यीस्ट पाऊण चमचाच घाला. थंडीत पाणी कोमट घ्या, बोट सुखानं बुडेल इतकंच. कडकडीत पाण्यात यीस्ट मरतं. गव्हाच्या पिठाची कणीक दुपटीच्या जरा आतच भाजायला जावी. मैद्यासारखी तिप्पट फुगण्याची वाट बघू नका.

शेवटचं मळण संपलं की हाताला तेल लावून कणीक उचला, पातं काढून घ्या, कणीक परत ठेवा. मग ब्रेडच्या बुडाला मोठं भोक पडत नाही.

भाजून झाल्यावर ब्रेड भांड्यात ठेवू नका, वाफेनं ओला होतो. जाळीवर किंवा उलट्या चाळणीवर काढा. दीड तास तरी सुरी लावू नका. गरम ब्रेड कापला की आतून चिकट लागतो, आणि मग कच्चा राहिला म्हणून उगाच बोल लागतो. पोरांना एवढा वेळ थोपवणं हे या कृतीतलं सगळ्यात अवघड काम आहे.

ब्रेड बिघडला तर तो स्वतःच कारण सांगतो. लहानसा, घट्ट, डोक्यावर गाठी आलेला असेल तर पाणी कमी पडलं. डोकं खाली बसलं असेल तर पाणी किंवा यीस्ट जास्त झालं, नाहीतर हवा गरम होती. मुळीच फुगला नसेल तर यीस्ट जुनं. यीस्ट तपासायला अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घाला. दहा-पंधरा मिनिटांत फेस आला तर ते जिवंत. उघडलेलं पाकीट घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. आणि मीठ विसरू नका. मिठाशिवाय ब्रेड भराभर फुगतो, बसतो आणि चवीलाही लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन-चार ब्रेडांत तुमच्या पिठाचं माप तुम्हाला सापडेल.

आता आपल्या घरची खरी अडचण, वीज. मशीनला साधारण साडेतीन-चार तास लागतात आणि मध्येच लाईट जाते. काही मशीनं थोडी मिनिटं थांबून पुढं चालू होतात, बाकीची पहिल्यापासून सुरू होतात. घाबरू नका. कणीक काढा, तेल लावलेल्या डब्यात निम्म्याहून थोडी जास्त भरा, झाकून फुगू द्या. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटं वाळू किंवा जाडं मीठ पसरा, वर कडं ठेवा, घट्ट झाकण लावून दहा मिनिटं तापवा. डबा आत ठेवा. मंद ते मध्यम आचेवर ४५ ते ५० मिनिटं लागतात. बारीक काडी घालून बघा, कोरडी आली पाहिजे. ब्रेड उलटा करून बुडावर टिचकी मारा. पोकळ आवाज आला म्हणजे झाला.

ज्यांच्याकडं मशीनच नाही त्यांनीही हेच करावं. उकड, भिजवण, परातीत दहा मिनिटं तिंबणं, फुगवणं, पातेल्यात भाजणं. मशीन फक्त हाताचा वेळ वाचवतं. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, तो पायानं तुडवतात म्हणून पडलेला नाही. गोव्यात पोदेर लोक कोंडा लावलेली पोई पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या भट्टीत भाजत आले. त्यांच्याकडं कुठं मशीन होतं?

आता पैशाचं बोलू. बऱ्याच गटांच्या मनात असतं, की कर्ज काढून असं मशीन घ्यावं आणि ब्रेड विकावा. आमचा सल्ला, तसं करू नका. हिशेब सोपा आहे. एका ब्रेडला चार तास, म्हणजे दिवसाला फार तर तीन ब्रेड. त्यात पीठ, यीस्ट, तेल आणि वीज जाते. तीन ब्रेडांच्या नफ्यावर कर्जाचा हप्ता निघत नाही. हे घरच्या खाण्याचं यंत्र आहे, धंद्याचं नाही. धंदाच करायचा असेल तर आधी पातेल्यात किंवा कुणाच्या भट्टीवर करून बघा, गिऱ्हाईक परत येतं का ते पाहा, मग भट्टीचा विचार करा. विकायचं म्हटलं की घरातून केलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. आणि मैदा घातला तर तसं लिहा. गावात एकदा विश्वास गेला की तो यीस्ट घालून फुगत नाही.

मशीन आधीच गावात असेल तर ते गटाचं करा. आमच्याकडं तसंच आहे. एकीच्या लेकीला आहेरात आलेलं मशीन, दर आठवड्याला एका घरी जातं. मशीन गटाचं, पीठ जिचं तिचं, आणि वही एकच. त्या वहीत प्रत्येकीनं आपलं पाणी, आपला गहू, आपल्या गिरणीचं नाव लिहायचं. एका घरात ३१० मिलिलिटर पाणी लागतं, दुसऱ्या घरात ३३५. वही वाचूनच नवी बाई पहिल्या झटक्यात चांगला ब्रेड करते.

एक सावधगिरी. गव्हाचा झाला तरी तो ब्रेडच. साखरेचा आजार असलेल्यांनी मोजूनच खावा, औषध समजून नव्हे. ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी तर खाऊच नये. घरी केलेल्या ब्रेडमध्ये टिकवायचं औषध नसतं. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरू शकते. बुरशी दिसली तर तेवढा तुकडा काढून बाकीचा खाऊ नका, सगळा टाका. फ्रिजमध्ये ब्रेड लवकर वाळल्यासारखा होतो. ठेवायचाच असेल तर काप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि तव्यावर गरम करून खा.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. मशीन असो वा नसो, ४०० ग्रॅम पीठ भिजवून ४० मिनिटं ठेवा आणि आधीच्या ब्रेडशी फरक बघा. तुमचा गहू कोणता, पाणी किती लागलं, ब्रेड कसा झाला ते गटाच्या नावानं आम्हाला लिहून पाठवा. सगळ्यांची मापं एकत्र करून पुढच्या एका कार्यक्रमात वाचून दाखवू. तोवर नमस्कार.